पांढऱ्याचं काय करायचं?

अमेरिकेत शाकाहारी माणसाला चार जुलैच्या कुकआउटचं आमंत्रण आलं की त्याच्या शेपटीला एक वाक्य हमखास असतं: तुम्ही फ्रूट सॅलड आणा.

यात यजमानांचा काही वाईट हेतू नसतो. ग्रिलवर काय चढणार हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. बटाट्याचं सॅलड कुणाच्या तरी आजीच्या नावावर असतं आणि त्यात दुसऱ्याने हात घालणं म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवायला जाणं. बर्फ आणि बियर बिनलग्नाची मंडळी आणतात. जे नेहमी उशिरा येतात त्यांना चिप्स सांगतात, म्हणजे कुणाचं अडत नाही. मग उरतात फळं आणि उरतो आपण. फळांत मांस नसतं, म्हणजे ही माणसंही खातील. आणि फळ तिखट करता येत नाही, म्हणजे आम्हीही खाऊ. असा दुहेरी हिशेब असतो. त्यातला दुसरा भाग चुकीचा आहे, पण ते पुढे.

खरं तर अमेरिकेच्या या स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम पुढे अध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्स यांनी पहिल्याच वर्षी लिहून ठेवला होता. इंग्लंडपासून वेगळं व्हायचा ठराव झाला २ जुलै १७७६ला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडम्सनी बायकोला, म्हणजे अ‍ॅबिगेलला, पत्र लिहिलं की इथून पुढे हा दिवस मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा, शेकोट्या आणि रोषणाई करून साजरा होत राहील. बाकी सगळं खरं ठरलं. फक्त दिवस चुकला, कारण लोकांनी जाहीरनामा मंजूर झाल्याची ४ तारीख धरली. आणि एवढी खुलासेवार यादी करणाऱ्या माणसाने कुणी काय करून आणायचं याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. बायकोने लिहिलं असतं तर ते पहिल्या ओळीत आलं असतं.

तर फ्रूट सॅलड. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात हे कसं पक्कं असतं: मे महिन्यातली मुंज, आटवलेलं दूध, त्यात पुण्याच्या वीकफील्डची कस्टर्ड पावडर, केळं, चिकू, सफरचंद, द्राक्षं, वरून डाळिंबाचे दाणे. वाढपी ओगराळं बुडवतो तेव्हा फळं तळाशी बसलेली असतात आणि आपल्या वाटीत पिवळं दूध येतं. फळं पुढच्या पंगतीला. सोबत गरम पुऱ्या. इथे दूध नाही, पुरी नाही, आग्रह तर नाहीच नाही. नुसती कापलेली फळं. हे ऐकून आमच्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "अगं, मग करायचं काय त्यात?"

करायचं असतं. चार जुलैचं फ्रूट सॅलड लाल, पांढरं आणि निळं असावं लागतं. तसा कायदा नाही, पण मेअखेरच्या मेमोरियल डेपासून दुकानांत कागदी ताटल्या, रुमाल, चादरी, कुत्र्यांच्या गळ्यातली फडकी सगळं या तीन रंगांत रंगतं. त्यात आपण हिरवी द्राक्षं आणि आंबा घेऊन गेलो तर कुणी काही बोलत नाही, पण चार बायका एकदमच "किती वेगळं!" म्हणतात. त्याचा अर्थ काय, हे पुण्यात वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

आपल्याला हे नवीन नाही, असं वाटतं खरं. पंधरा ऑगस्टला आपणही तिरंगा ढोकळा, तिरंगा सँडविच, तिरंगा पुलाव करतोच. पण आपला झेंडा स्वयंपाकघराला सोयीचा आहे. केशरीला गाजर, पांढऱ्याला पनीर नाहीतर भात, हिरव्याला कोथिंबीर-पुदिना. दोन रंग भाजीवाल्याकडे, एक घरात. अशोकचक्राच्या निळ्याचा विषय आपण मुकाट्याने सोडून देतो. चक्राला चोवीस आरे आहेत हे ढोकळा करणारीला ठाऊक असतं, पण ढोकळ्याकडून तेवढी अपेक्षा धरायची नाही अशी आपल्याकडे समजूत आहे.

इथे लालाची चिंता नसते. स्ट्रॉबेरी असते, चेरी असते आणि कलिंगडांचे तर दुकानाच्या दारातच डोंगर असतात. त्या डोंगराशी उभं राहावं, फार करमणूक होते. गोरा, काळा, मेक्सिकन, चिनी, देशी, प्रत्येक जण कलिंगड उचलतो, कानाशी नेतो आणि टिचकी मारतो. चेहऱ्यावर तबला लावणाऱ्याची एकाग्रता. नेमका कुठला आवाज यायला हवा हे त्यातल्या कुणाला विचारावं तर धड उत्तर येत नाही. पण टिचकी न मारता कलिंगड घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्या घरी हे खातं बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे आहे. ते सात-आठ कलिंगडांना वाजवून बघतात आणि शेवटी पहिलंच घेतात.

निळ्याची गोष्ट वेगळी. निसर्गाने निळा रंग आकाशाला दिला, समुद्राला दिला, मोराला दिला. खायच्या वस्तूंची पाळी आली तेव्हा हात आखडला. शंकराचा कंठ निळा झाला तो पिण्यापायीच, पण तो पदार्थ कुकआउटला नेता येत नाही.

अमेरिकेचा हा पेच आमच्याच न्यू जर्सीत सुटला आहे. ब्लूबेरी इथल्या जंगलात आपोआप उगवायची, पण कुणाला ती शेतात लावता यायची नाही. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधून काढलं की या झुडपाला चांगली, कसदार जमीन मानवतच नाही, त्याला आंबट माती लागते. ते वाचून एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी त्यांना पत्र लिहिलं. व्हाइट्सबॉगला त्यांच्या वडिलांची क्रॅनबेरीची बाग होती. बाईंनी आसपासच्या रानात हिंडणाऱ्या लोकांना कामाला लावलं. फळाचं माप दिलं आणि सांगितलं, या मापाचं फळ धरणारं झुडूप दाखवा, पैसे घ्या. वर ज्याने झुडूप शोधलं त्याचं नाव त्या झुडपाला. रूब लीक नावाच्या माणसाने शोधलेल्या झुडपाचं झालं 'रुबेल', आणि तो वाण अजून लावतात. १९१६मध्ये पहिलं पीक बाजारात गेलं. म्हणजे अ‍ॅडम्सच्या पत्रानंतर जवळजवळ १४० वर्षं या देशाकडे झेंडा होता, पण त्यातला निळा खाण्याजोगा शेतात पिकत नव्हता.

तरी ब्लूबेरी ही तशी वरवरचीच निळी. चावून बघा, आत फिकट हिरवट. सालीवर द्राक्षावर असतो तसा मेणाचा पांढुरका थर असतो, त्याने ती निळी दिसते. बोटाने चोळलं की काळसर. लिंबू लागलं की तिचा रस लालसर होतो आणि सोडा लागला की हिरवट निळा. ऐन मोक्याला रंग बदलणारं हे फळ राष्ट्रीय निष्ठेच्या कामाला कुणी लावलं कोण जाणे.

पण खरी रड पांढऱ्याची आहे. पांढरं फळ दाखवा बघू मला एक.

केळं म्हणाल. सोलल्यावर दहा मिनिटं ते पांढरं असतं, तेही आपण उदार मनाने बघितलं तर. सफरचंदाचं तेच. हवा लागली की त्यांच्यातलं एक विकर कामाला लागतं आणि फोड तपकिरी पडते. लिंबू पिळलं तर फोड वाचते, पण शेजारची ब्लूबेरी लाल होते. एकाची अब्रू झाकायला जावं तर दुसऱ्याची उघडी पडते. मेक्सिकन लोक हिकामा नावाचा कंद वापरतात. तो शुभ्र राहतो, कुरकुरीत लागतो, त्याचे कुकी कटरने चांदणीच्या आकाराचे तुकडेही छान निघतात. पण मग ते झालं कंदाचं सॅलड, आणि पाहुणे विचारतात की हा कच्चा बटाटा आहे का. काही जण नारळाचा कीस घालतात. बरेच जण डब्यातलं फेटलेलं क्रीम थापतात, म्हणजे खाली फळ आहे की गादी हे कळायला मार्ग उरत नाही. आणि उरलेले सगळे मार्शमेलो टाकतात.

मार्शमेलोने आमच्या घरी एकदा धर्मसंकट उभं केलं. २०१७ साली आषाढी एकादशी नेमकी ४ जुलैला आली. 'कालनिर्णय' बघून सासूबाईंनी आधीच जाहीर केलं की कुकआउटला मी येईन, गप्पा मारीन, पण खाईन उपासाचं. एकादशी इथल्या घड्याळाने धरायची की पंढरपूरच्या, असा एक प्रश्न नवऱ्याने काढून पाहिला. "विठोबा कुठे उभा आहे?" एवढंच त्या म्हणाल्या. तो प्रश्न मिटला.

आता ग्रिलवर काय होतं ते सांगायला नको. त्या दिवशी या देशात १५ कोटी हॉट डॉग खाल्ले जातात असा हॉट डॉगवाल्यांच्याच संस्थेचा अंदाज आहे. कोनी आयलंडला तर खाण्याची शर्यतच लागते. जोई चेस्टनट या गृहस्थांनी २०२१ साली दहा मिनिटांत ७६ खाल्ले, पावासकट. अशा दिवशी एकादशीच्या बाईला आधार फ्रूट सॅलडचाच. त्यात यजमानीणबाईंनी कौतुकाने सांगितलं की पांढऱ्यासाठी मी मार्शमेलो आणून ठेवलेत, ते वरून टाकू. मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि जिलेटिन डुकराच्या नाहीतर गुरांच्या कातडी-हाडांतून निघतं, हे हसतमुखाने, समोर पेटलेल्या ग्रिलच्या साक्षीने, कुणाचंही मन न दुखवता सांगायचं असतं. ते काम मी नवऱ्याला दिलं. त्याने "आईला साखर आहे" असं सांगितलं. हे इथे लगेच कळतं.

मार्शमेलो टळला, पण सासूबाईंची शंका फिटेना. "ब्लूबेरी उपासाला चालते का गं?" शास्त्रात कुठे काही मिळेना. सांगलीच्या मावशींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फळ कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, मग मधोमध कापून धरायला लावलं आणि म्हणाल्या, "जांभळासारखं दिसतंय. पण परकं आहे. कशाला विषाची परीक्षा?"

इथे बाबा पेपरातून वर आले. बाबा निवृत्त शेतकी अधिकारी. ते म्हणाले, उपासाच्या ताटात काय काय असतं ते मोजा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची मेक्सिकोकडची. रताळं त्याच बाजूचं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतलाच. राजगिराही मूळचा मेक्सिकोकडचा. कोलंबस इकडे आला नसता तर तुमची एकादशी वरीच्या तांदळावर आणि केळ्यावर काढायची होती. खिचडी नाही, वडा नाही, रताळ्याचे काप नाहीत. "अख्खा अमेरिका खंड तुम्ही उपासाला चालवून घेतला, आणि ही एवढीशी ब्लूबेरी तेवढी परकी?"

सांगलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. रेंज गेली असेल असं सगळ्यांनी धरून चाललं.

गंमत अशी की अमेरिकन झेंड्याच्या रंगाचा तो वाडगा बघितला तर त्यात उलटा हिशेब निघतो. कलिंगड आफ्रिकेतलं. सफरचंद मध्य आशियातल्या डोंगरांतलं. चेरी पलीकडच्या खंडातून आलेली. केळं तर अजूनही दर आठवड्याला ग्वाटेमालाहून, इक्वेडोरहून येतं, त्याला नागरिकत्व नाहीच, नुसता व्हिसा आहे. स्ट्रॉबेरीची एक आई व्हर्जिनियाची आणि दुसरी चिलीची, पण त्यांचं जमलं अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. पुढे तिच्याच वंशातली पोरं महाबळेश्वरला स्थायिक झाली आणि २०१०मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच असलेलं फळ त्या वाडग्यात एकच, ते म्हणजे मावशींनी परकं ठरवलेलं.

सासूबाईंनी ब्लूबेरी खाल्ली. "पाणचट आहे," म्हणाल्या.

आता दुधाचा विषय. फ्रूट सॅलडमध्ये दूध नाही याचं आपल्याला वाईट वाटतं, पण या सणाच्या इतिहासात दूध आणि फळ एकत्र आल्याची एक नोंद आहे आणि ती चांगली नाही. अमेरिकेचे बारावे अध्यक्ष झॅकरी टेलर. लष्करातला रांगडा माणूस, मेक्सिकोच्या युद्धातून धडधाकट परत आलेला. ४ जुलै १८५०ला वॉशिंग्टन स्मारकापाशी, स्मारक तेव्हा अर्धवटच होतं, भर उन्हात ते भाषणं ऐकत बसले. नंतर त्यांनी चेरी खाल्ल्या आणि वर बर्फाचं गार दूध प्यायले. त्या रात्रीपासून पोट बिघडलं आणि ९ जुलैला अध्यक्ष वारले. पुढे कुणाला तरी शंका आली की विषप्रयोग झाला असावा. १९९१ साली केंटकीत त्यांचं थडगं उघडून अवशेष तपासले. जीव जाईल एवढं आर्सेनिक त्यात काही सापडलं नाही. त्या काळी वॉशिंग्टनमधलं पाणी फार घाण होतं, त्याचाच हा प्रसाद असणार असं बऱ्याच जणांचं मत आहे.

ही हकीकत मी घरी सांगितली तेव्हा सासूबाईंनी थडगं न उघडता निकाल दिला. "आंबट फळावर दूध. विरुद्ध आहार. आर्सेनिक कशाला लागतंय?" हा निकाल देताना त्या शिकरण खात होत्या. विरुद्ध आहाराचं ज्ञान आणि शिकरण या दोन गोष्टी मराठी घरात एकाच वाटीत सुखाने नांदतात. यावर मी तरी कधी वाद घातलेला नाही.

दूध असो नसो, उन्हाचा धडा मात्र इथलं सरकार आजही देतं. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि पारा ९० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या ३२ अंशांच्या पुढे गेला असेल तर एकच तास. चार जुलैला तो तेवढा जातोच. पण आरोग्याच्या आधी रंगाचा तास भरतो. सकाळी उठून मांडलेल्या रेघा, कोपऱ्यात ब्लूबेरीचा निळा चौकोन, त्यात चांदण्या, असा तो झेंडा टेबलावर जातो. फोटो निघतात. मग पहिला पाहुणा चमचा घालतो, तोही अगदी मध्यभागी. कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी घालावं हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं, तसं फळांवर साखर आधीच भुरभुरू नये हे इथे कुणी शिकवत नाही, त्यामुळे खाली पाणी सुटलेलंच असतं. ढवळाढवळ होते. कलिंगडाचा रस चढतो. अर्ध्या तासात केळी गुलाबी, सफरचंद गुलाबी, चांदण्या गुलाबी. लहान मुलं निळं तेवढं वेचून नेतात. मोठी माणसं लाल नेतात. तळाशी उरतं ते भूतपूर्व पांढरं, आणि ते शेवटपर्यंत उरतं.

एका गोष्टीने मात्र सॅलड संपतं. मी शेजारी एका छोट्या वाटीत चाट मसाला ठेवते. पहिला हात मेक्सिकन शेजाऱ्यांचा येतो, कारण त्यांच्याकडे फळावर लिंबू-मीठ-मिरची घालतातच. नुसतं गोड फळ त्यांनाही आपल्यासारखंच अर्धवट वाटतं. मग यजमान येतात. नाकाशी नेतात, शिंकतात आणि कलिंगडाची दुसरी फोड घेतात. फळ तिखट करता येत नाही हा त्यांचा हिशेब इथे संपतो.

तर कुणी सांगितलंच तुम्हाला, की फ्रूट सॅलड आणा, तर एवढं करा. कलिंगड आणि स्ट्रॉबेरी निघताना कापा. ब्लूबेरी अगदी शेवटी धुवा आणि पुसून घ्या. कलिंगडाच्या सालीआतला पांढरा भाग टाकू नका, किसून थालीपिठात जातो. केळी घरीच ठेवा. सफरचंद, कंद, क्रीम, मार्शमेलो काही म्हणता काही आणू नका. भांडंच पांढरं घ्या, पसरट, चिनी मातीचं. लाल आणि निळं त्यात, पांढरं आपोआप झालं, आणि ते शेवटच्या फोडीपर्यंत पांढरंच राहतं. आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहा. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरून घ्यायचे ते उगाच नव्हे. आतषबाजी संपल्यावर अंधारात ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन तो घरी जातो.